कुत्र्यांची नखं घासायचं नवं यंत्र : टॅगलाइन सुचवा

पंचगंगा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ आणि त्याचा वर्गमित्र शिरोली एमआयडीसीत सुट्या भागांचं जॉबवर्क करतात. स्वतःचं असं काहीतरी बाजारात आणायचं दोघांच्या मनात बरेच दिवस होतं. आता एक वस्तू तयार झालीय: कुत्र्यामांजरांची नखं कापण्याऐवजी घासून लहान करणारं यंत्र. मुठीत मावणारी दांडी, पुढे प्लॅस्टिकची टोपी, टोपीला दोन मापांची भोकं. नख भोकातून आत घातलं की आतला डायमंड बिट (हिऱ्याची कणी लावलेलं फिरतं टोक) ते घासतो आणि भुकटी टोपीतच साठते. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतं. जास्त दाबलं तर मोटर आपोआप थांबते, आणि दोघांचा सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीवर गेलाय.

नाव ठरलंय, नोंदणीला दिलंय, म्हणून इथे लिहीत नाही. घोडं अडलंय नावाखालच्या ओळीपाशी. बॉक्सवर मराठी ओळ हवी हा दोघांचा हट्ट आहे आणि मला तो मनापासून पटतो. पण त्यांनी काढलेल्या ओळी अशा आहेत:

"नखं कापण्याचा वेदनारहित उपाय"
"आता नखांची काळजी झाली सोपी!"
"आपल्या लाडक्यासाठी सर्वोत्तम"

यातली कुठलीही ओळ उचलून कंगव्याच्या नाहीतर शांपूच्या बाटलीवर लावली तरी चालून जाईल. आमच्या सोसायटीत कुत्री पाळणारी बरीच घरं आहेत. अंघोळ, लस, जंतांचं औषध, सगळं वेळेवर होतं. नखांचा विषय निघाला की मात्र "पुढच्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरच कापतील" असं म्हणून सोडून देतात. ते का सोडून देतात, ते त्या ओळीला कळलं पाहिजे असं मला वाटतं. पाच-सहा शब्द, त्याहून जास्त नकोत. सुचवा.

काळा_चहा

अभिनंदन ताई! मराठी ओळीचा हट्ट सोडू नका. माझ्याकडून:

"नखरे बंद, नखं मस्त"
"नखरे त्याचे, नखं आमच्याकडे"
"नखशिखांत देखणा"

मिरजमळा

"नखभर काम, मणभर माया."

पहिली ओळ सुचली ती हीच. पुढचं सुचलं की येतो.

साबुदाणा_वडा

काळा_चहा यांची "नखरे बंद" लगेच लक्षात राहते. नख आणि नखरे ही जोडी मराठीत आयती मिळालीय, ती सोडू नये. माझी भर: "नो नखरे, फक्त नखं."

बोकोबा

मांजरवाल्यांना विसरू नका एवढंच सांगायला आले. ओळीत "भू भू" वगैरे आलं तर आम्ही तो बॉक्स हातात घेणार नाही.

पंजा_आणि_ब्रश

मी पुण्यात ग्रूमिंगचं काम करते. रोज कुत्री हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. "नखरे" शब्द असलेली एकही ओळ घेऊ नका अशी कळकळीची विनंती.

कुत्रा पंजा ओढून घेतो तेव्हा तो नखरे करत नसतो, घाबरलेला असतो. पंजा हातात घेतल्याबरोबर तो ओठ चाटायला लागतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, कान मागे पाडतो, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. ही सगळी भीतीची लक्षणं आहेत. माणसं त्यालाच "नाटकी आहे हो आमचा" म्हणतात आणि दोघं-तिघं मिळून दाबून धरतात. पुढच्या वेळी कटरचा डबा उघडल्याचा आवाज आला तरी तो पलंगाखाली जाऊन बसतो. बॉक्सवर "नखरे बंद" छापलंत तर दाबून धरणाऱ्यांनाच आपण शाबासकी दिल्यासारखं होईल.

आता माणसं का सोडून देतात, तर रक्तामुळे. नखाच्या आत एक जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिनी असते आणि नसही असते. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात बाहेरून काहीच दिसत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी देशी कुत्र्यांची नखं काळीच असतात. कटरने एकदा तिथपर्यंत कापलं गेलं की कुत्रा किंचाळतो, पांढऱ्या फरशीवर रक्ताचे ठिपके पडतात, घरातली मुलं रडायला लागतात. त्यानंतर त्या घरात कुणी कटर हातात घेत नाही. पलीकडच्या माणसाच्या मनात ही भीती आहे आणि ओळ त्या भीतीशी बोलली पाहिजे.

घासण्याचा खरा फायदाही इथेच आहे. कटर एका दाबात काय ते करून मोकळा होतो. घासताना थांबता येतं. काळं नख टोकाकडून घासत गेलं की आधी पांढुरकी कोरडी भुकटी पडते. मग कापलेल्या तोंडावर मधोमध रंग बदलतो, राखाडी होतो. मग तिथे एक गडद, किंचित ओलसर चमकणारा ठिपका दिसतो. तो दिसला की त्या नखाचं काम त्या दिवसापुरतं संपलं. हा ठिपका ओळखता येणं हीच सगळी विद्या आहे.

काळा_चहा

पंजा_आणि_ब्रश, तुमचं वाचून माझ्या तिन्ही ओळी मागे घेतो. जांभयांचं खरंच माहीत नव्हतं. आमचा लॅब्रॅडॉर अगदी असंच करतो.

लातूरचा_पशुवैद्य

चांगला धागा. वरच्या ताईंनी ज्याला "जिवंत भाग" म्हटलं त्याला आमच्याकडे जिव्हाळी म्हणतात. माणसाच्या नखालाही तोच शब्द. "नखं फार खोल काढू नको, जिव्हाळी लागंल" हे लहानपणी प्रत्येकाने आजीकडून ऐकलेलं असतं. बॉक्सवर हा शब्द यावा असं मला फार वाटतं. माझी ओळ: "जिव्हाळी सांभाळून."

वैद्यकीय बाजूचं थोडं लिहितो, ओळ ठरवताना उपयोगी पडेल.

नखं वाढण्याचा प्रश्न मुख्यतः घरात राहणाऱ्या कुत्र्यांचा. आमच्या भागात कारवान जातीची कुत्री पाळतात. ती रानात, कच्च्या-पक्क्या रस्त्यावर पळतात, त्यांची नखं आपोआप झिजतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांचंही तेच. त्यांच्यातही अंगठ्याचं नख, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूला वर असतं ते, जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. ते गोल वळून कातडीत घुसलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. केसाळ जातींत तर केसांखाली दिसतही नाही. कुत्रा लंगडतो म्हणून आणतात आणि केस बाजूला केले की नख आत रुतलेलं निघतं.

फ्लॅटमधल्या कुत्र्याची नखं वाढली की उभं राहताना ती फरशीला टेकतात. मग तो वजन मागे टाकून उभा राहायला शिकतो. बोटं फाकतात, गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला याचा जास्त त्रास होतो. म्हणजे विषय देखणेपणाचा नाही, चालण्याचा आहे. ओळीत "सुंदर", "स्टायलिश" असं काही नको.

आणि एक महत्त्वाचं. "वेदनारहित" हा शब्द काढूनच टाका. घासण्याच्या यंत्रानेही जिव्हाळीला इजा होऊ शकते. शिवाय एकाच जागी बिट धरून ठेवला तर घर्षणाने नख तापतं आणि चटका बसतो. एका वेळी एक-दोन सेकंदच टेकवायचं, मग उचलायचं. हे नीट केलं तर दुखत नाही, पण ते वापरणाऱ्याच्या हातात आहे. तशी हमी यंत्र देऊ शकत नाही.

पक्षकार

डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला कायद्याच्या बाजूने दुजोरा. माझं काम याच क्षेत्रातलं.

"वेदनारहित", "सर्वोत्तम", "१०० टक्के सुरक्षित" हे सगळे दावे आहेत आणि दावा केला की पुरावा हाताशी लागतो. जाहिरात उद्योगाने स्वतःवर लक्ष ठेवायला १९८५ साली मुंबईत भारतीय जाहिरात मानक परिषद काढली, तिच्या संहितेचा गाभा हाच. आता त्याहून पक्की चौकट आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण आलं आणि त्याने जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत होऊ शकतो. छोट्या उद्योगाने हा धोका एका विशेषणापायी का घ्यावा?

दुसरं, ओळ नोंदवायचा विचार असेल तर १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याचं कलम ९ लक्षात ठेवा. वस्तूचं नुसतं वर्णन करणारे शब्द नोंदणीत अडतात. "नखं घासायचं सोपं यंत्र" ही ओळ कुणा एकाची होऊच शकत नाही. हाताने वापरायची अवजारं आणि नेलकटर वर्ग ८ मध्ये येतात, नाव त्याच वर्गात दिलंय ना ते एकदा पाहून घ्या.

तिसरं, मराठी ओळीला आडकाठी काही नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क ही सक्तीची माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. त्यासोबत इतर कोणतीही भाषा वापरता येते. म्हणजे मागची बाजू नियमाप्रमाणे, पुढची तुमच्या मनाप्रमाणे.

पंचगंगा

डॉक्टर, पंजा_आणि_ब्रश, पक्षकार, तुमचे प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. "वेदनारहित" आणि "सर्वोत्तम" दोन्ही खोडली गेली. नाव वर्ग ८ मध्येच आहे.

"जिव्हाळी सांभाळून" त्याला फार आवडलं. त्याच्या मित्राला मात्र शब्द माहीत नव्हता. तो मुंबईत वाढलाय. त्याला वाटलं जिव्हाळ्याशी काहीतरी संबंध आहे, आणि म्हणाला, तसं असलं तरी छानच आहे. आता हा गुण की अडचण ते मला ठरवता येत नाहीये.

साबुदाणा_वडा

अडचणच. बॉक्सवरची ओळ समजावून सांगावी लागली की संपलं. माझ्या भाचीला विचारलं, तिलाही माहीत नाही.

आजोळ_कुडाळ

आमच्याकडे अजून सर्रास म्हणतात. नखाची जिव्हाळी निघाली की दोन दिवस पाण्यात हात घालवत नाही. शब्द वापरलाच नाही तर पुढच्यांना कळणार कसा? बॉक्सवर छापलात तर त्या निमित्ताने चार घरांत परत बोलला जाईल. माझं मत डॉक्टरांना.

अक्षरजुळणी

पॅकेजिंगची अक्षरं आणि मजकूर हा माझा धंदा, म्हणून या बाजूने बोलतो.

पंचगंगाताई, ओळ दोन ठिकाणी वाचली जाणार. एक, दुकानातल्या फळीवर. दोन, मोबाइलवर, जिथे बॉक्सचा फोटो अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. दुसऱ्या ठिकाणी जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा एकमेकांत मिसळून काळा पट्टा होतो. "सर्वोत्तम" लहान आकारात लिहून बघा, रफार आणि मात्रा एकावर एक चढतात. साधी, मोकळी अक्षरं टिकतात. ट, क, थ, ड अशी अक्षरं लांबूनही वेगळी ओळखू येतात.

आता आशयाकडे. आपल्या कानात राहिलेल्या ओळी आठवून बघा. लिज्जतचं "कर्रम कुर्रम" आजही कुणी विसरलेलं नाही, कारण त्यात पापडाचा आवाज आहे. अमूलचं "अटरली बटरली" १९६६ पासून चालू आहे, तेही जिभेवर घोळणारं. आणि एसटीवरचं "प्रवाशांच्या सेवेसाठी" बघा. एकही विशेषण नाही, फुशारकी नाही, गाडी कशासाठी आहे तेवढं सांगितलंय. मला स्वतःला या तिन्हींत ते सगळ्यात जास्त आवडतं.

तर तुमच्या वस्तूचा आवाज कोणता? मोटरचा नव्हे, तो कुणाला ऐकायचा नाही. नखं वाढलेला कुत्रा घरात चालतो तेव्हा फरशीवर जो आवाज येतो, तो. टक टक टक टक. रात्री सगळं निजलं की तो पाणी प्यायला उठतो, आणि हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत तो कुठे पोचला ते अंथरुणात पडून कळतं. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घराला हा आवाज माहीत आहे, पण त्याचा अर्थ "नखं वाढलीत" असा आहे हे पुष्कळांना माहीत नाही. ओळीने तो अर्थ सांगावा.

"टकटक ऐकू आली? वेळ झाली."
"फरशीवरची टकटक बंद."

मिरजमळा

वा! अक्षरजुळणी, टकटक म्हणजे नेमकी नस पकडलीत. माझी "मणभर माया" आता कुठेच बसत नाही.

काळा_चहा

टकटकला माझं मत. आत्ता हे लिहितोय आणि मागे आमच्या लॅबची टकटक चालू आहे.

बोकोबा

कल्पना उत्तम आहे, पण मांजराची टकटक येत नाही हो. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून तर ते आवाज न करता ओट्यावर पोचतं. ही ओळ आली की आम्ही बाहेर.

तरी मी भांडायला आले नाही, उलट एक प्रश्न विचारते: हे यंत्र मांजरांसाठी आहे का खरंच? मांजराची नखं बहुतेक वेळा पारदर्शक असतात. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग स्पष्ट दिसतो, आणि फक्त टोकाचा काटा कापायचा असतो. साध्या कटरने क्षणात होतं. शिवाय मांजर खांबाला, सोफ्याला नखं घासतं तेव्हा वरचं जुनं कवच गळून पडतं, खाली नवं टोकदार नख तयार असतं. म्हाताऱ्या मांजराचं तेवढं होत नाही, त्याची नखं जाड होऊन गादीत रुतू शकतात, तिथे लक्ष ठेवावं लागतं. पण घूं घूं आवाज करणारी वस्तू पंजाजवळ आणली तर आमच्या दोन्ही राण्या माळ्यावर जाऊन बसतील. मांजराला ६०,००० हर्ट्झच्या वरचे आवाजही ऐकू येतात. आपल्याला २०,०००च्या पुढे काही कळत नाही. आपल्याला बारीक वाटणारी मोटर त्यांच्या कानात काय करत असेल याचा विचार करा.

लातूरचा_पशुवैद्य

बोकोबा यांनी अगदी बरोबर लिहिलंय. मांजराला कटरच सोयीचा. ताई, भावाला सांगा, बॉक्सवर "कुत्र्यामांजरांसाठी" लिहिल्याने चार गिऱ्हाइकं जास्त येतील, पण त्यातली मांजरवाली नाराज होऊन परत पाठवतील. कुत्र्यांपुरतं ठेवलंत तर यंत्रालाही न्याय मिळेल.

कुत्र्यांनाही आवाजाची सवय करावी लागते, त्यांचं ऐकणं ४५,००० हर्ट्झपर्यंत जातं. आधी बंद यंत्र शेजारी ठेवून खाऊ द्यायचा. मग लांब चालू करून खाऊ. मग बंद यंत्र नखाला टेकवून. घाई केली की सगळं मुसळ केरात.

दूरदेशी_टोरांटो

इकडून थोडं. इथे पुष्कळ जण ड्रेमेल वापरतात. मुळात लाकूड-धातू घासायचं फिरतं अवजार, नंतर त्यांनी कुत्र्यांच्या नखांसाठी वेगळं मॉडेल काढलं. आमच्याकडे हिवाळ्यात कुत्रा बर्फावर चालतो, सिमेंटवर चालणं होत नाही, त्यामुळे नखं झिजत नाहीत आणि यंत्राची गरज वाढते.

ओळीबद्दल एक सांगायचंय. "टकटक बंद" वाचून असं वाटतं की एकदा घासलं की आवाज गेला. तसं होत नाही. नखं फार वाढू दिली असतील तर जिव्हाळीही त्यांच्याबरोबर पुढे आलेली असते. एकदम लहान करताच येत नाहीत. दर आठवड्याला थोडं थोडं घासत राहिलं की जिव्हाळी हळूहळू मागे सरकते, मग आणखी घासता येतं. आमच्या कुत्रीला आम्ही दत्तक आणलं तेव्हा तिची नखं वाकलेली होती. ती पूर्ववत व्हायला सगळा हिवाळा गेला. "बंद" म्हणणारी ओळ पाहून कुणी एकाच दिवशी टकटक बंद करायला बसला तर बिचाऱ्या कुत्र्याचे हाल.

ओळीत धीर हवा.

पंजा_आणि_ब्रश

शंभर टक्के सहमत. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक "एकदाच काय ते छोटी करून टाका" म्हणतात, आणि मला प्रत्येक वेळी हेच समजवावं लागतं. घरी करणाऱ्यांसाठी तर थोडं थोडं हाच मंत्र. आज दोन नखं झाली तरी पुरे, उद्या पुढची दोन.

अजून एक, केसाळ कुत्र्यांसाठी माहितीपत्रकात जरूर लिहा: पंजावर जुना पातळ स्टॉकिंग चढवायचा आणि नखं त्यातून आरपार बाहेर काढायची. नाहीतर केस फिरत्या बिटात गुंडाळले जातात आणि मुळापासून ओढले जातात. शीत्झू, ल्हासा, पॉमेरियन पाळणाऱ्यांना हे माहीत नसतं.

अक्षरजुळणी

टोरांटोकर, "बंद"बद्दलचा तुमचा आक्षेप मान्य. वरच्या दोन्ही प्रतिसादांत "थोडं थोडं" आलंय, ते उचलतो:

"टकटक थांबेपर्यंत, थोडं थोडं."

मोठ्याने म्हणून बघा. दोन्ही अर्ध्यांत एक शब्द दोनदा येतो, टकटक आणि थोडं थोडं. थ, ट, ड सगळे आघाताचे. मोबाइलवरच्या फोटोतही अक्षरं मोकळी दिसतील. कधीपर्यंत करायचं ते पहिल्या अर्ध्यात, कसं करायचं ते दुसऱ्यात. दावा एकही नाही.

साबुदाणा_वडा

ओळ गोड आहे, पण माझी शंका धंद्याची. माझ्या दिरांचं पेट शॉप आहे, म्हणून गिऱ्हाईक जवळून पाहिलंय. त्याला झटपट हवं असतं. शेजारच्या बॉक्सवर "२ मिनिटांत" लिहिलेलं असताना तुम्ही "थोडं थोडं" लिहिलंत तर तो शेजारचा उचलेल. ग्राहकाला आधीच सांगायचं का की याला वेळ लागतो?

दूरदेशी_टोरांटो

हो, सांगायचं. "२ मिनिटांत" वाचून घेतलेलं यंत्र महिन्याभरात खणात जाऊन पडतं, आणि मग त्याचे परीक्षण-तारे बघा. ऑनलाइन विक्रीत खरी किंमत त्या ताऱ्यांना.

पक्षकार

शिवाय "२ मिनिटांत" हाही दावाच. कुणाच्या कुत्र्याची, किती नखं, केवढी वाढलेली? सिद्ध करून दाखवावं लागेल.

आजोळ_कुडाळ

साबुदाणा_वडा, मला उलट वाटतं. ज्याच्या घरात एकदा रक्त निघालंय त्याला "झटपट" वाचून धडकीच भरेल. "थोडं थोडं" वाचून तोच म्हणेल, हे मला जमेल. पंचगंगाताईंनी पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं ना, माणसं का सोडून देतात? त्याला हे उत्तर आहे.

जिव्हाळी गेली याचं वाईट वाटतंय फक्त.

साबुदाणा_वडा

हं. रक्त निघालेल्या घराचा विचार मी केला नव्हता. पटतंय. पण मग दुकानदाराला दोन वाक्यं बोलायला शिकवा, नुसता बॉक्स फळीवर ठेवून भागणार नाही.

लातूरचा_पशुवैद्य

"टकटक थांबेपर्यंत" याला एक बारीक दुरुस्ती, ओळीत नको, आत लिहा. मोठा कुत्रा पळताना किंवा गर्रकन वळताना नखं योग्य असली तरी थोडा आवाज येतो. खरी खूण अशी: तो सपाट फरशीवर शांत उभा असताना नखं जमिनीला टेकता कामा नयेत. नेहमीच्या चालीने चालताना आवाज येऊ नये. हे चित्रासह द्या, नाहीतर कुणीतरी पळतानाची टकटकही घालवायला जाईल आणि जिव्हाळीपर्यंत पोचेल.

अंगठ्याच्या नखाची टकटक येतच नाही, ते फरशीला लागत नाही. त्याच्यासाठी ठळक अक्षरांत वेगळी सूचना हवी: "अंगठ्याचं नख दर वेळी बघा."

आणि रक्त आलंच तर काय करायचं तेही छापा. घाबरायचं नाही, स्वच्छ कापसाने काही मिनिटं दाबून धरायचं. रक्त थांबवायची पावडर दुकानात मिळते, ती नसेल तर कॉर्नफ्लॉर दाबून लावलं तरी मदत होते. तुरटीनेही रक्त थांबतं पण झोंबते, कुत्रा आणखी घाबरतो. दहा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठायचा. ही माहिती दिल्याने विक्री कमी होईल ही भीती बाळगू नका. माहिती देणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

पंचगंगा

काल रात्री आम्ही तिघं बसून सगळा धागा पुन्हा वाचला. ठरलेलं सांगते.

बॉक्सवरून मांजर गेलं. चित्रातूनही आणि मजकुरातूनही. भावाच्या मित्राला ते जड गेलं, कारण दोन भोकांतलं छोटं भोक त्याने मांजरांच्या मापाने केलं होतं. ते आता छोट्या जातींच्या कुत्र्यांसाठी आणि पिल्लांसाठी राहील. बोकोबा, तुमच्या प्रश्नाने आमचं पुढचं नुकसान वाचलं.

पुढच्या बाजूला नावाखाली एकच ओळ: "टकटक थांबेपर्यंत, थोडं थोडं." स्वल्पविराम ठेवायचा की दोन ओळींत तोडायचं, ते अक्षरजुळणींवर सोपवतेय. तुम्हाला वेगळा निरोप टाकलाय, कामाचा मोबदला घ्यावा लागेल, नाही म्हणू नका.

जिव्हाळी कुठेही गेलेली नाही, आजोळ_कुडाळ. ती झाकणाच्या आतल्या बाजूला येतेय, बॉक्स उघडल्याबरोबर दिसेल अशी. घासलेल्या काळ्या नखाच्या तोंडाचं मोठं चित्र, मधोमध गडद ठिपका, आणि खाली: "हा ठिपका दिसला की थांबा. पुढे जिव्हाळी आहे." चित्र बघून शब्द आपोआप कळतो. मित्रालाच आधी दाखवलं, त्याला काही विचारावं लागलं नाही.

माहितीपत्रकात डॉक्टरांची उभं राहण्याची खूण, अंगठ्याचं नख, रक्त आलं तर काय, आणि पंजा_आणि_ब्रश यांचा स्टॉकिंग. एक-दोन सेकंदांची सूचना कागदावर न ठेवता दांडीवरच कोरतोय, कागद हरवतो. साबुदाणा_वडा, दुकानदारासाठी एक छोटं कार्ड करतोय, त्यावरची दोन वाक्यं तुमच्या दिरांना वाचून दाखवाल का?

आता राहिलेला प्रश्न. ऑनलाइन विक्री महाराष्ट्राबाहेरही होणार, तिथे हिंदी ओळ लागेल. भाऊ म्हणतो हिचंच भाषांतर करू. मला वाटतं हिंदीत ती वेगळी, तिच्या पायावर उभी राहणारी असावी. मराठी ओळ आहे तशीच राहील, तिच्या खाली हिंदी येईल. कुणी हिंदीत सहज लिहिणारं आहे का इथे?

काळा_चहा

माझी बायको इंदूरची आहे, घरी दोन्ही भाषा चालतात. आजच तिला धागा वाचायला देतो. टकटक तिलाही रोज ऐकू येते.

अक्षरजुळणी

निरोप मिळाला ताई. स्वल्पविराम काढू आणि दोन ओळींत तोडू, "टकटक थांबेपर्यंत" वर आणि "थोडं थोडं" खाली, खालची ओळ किंचित मोठ्या अक्षरात. बॉक्सची मापं आणि नावाची फाइल पाठवा. हिंदीसाठी खाली जागा सोडून ठेवतो.